कोऱ्या पाटीचा हप्ता

ताई,

आम्ही मूळचे सांगलीचे. गेल्या ऑगस्टमध्ये नवऱ्याच्या नोकरीमुळे टेक्सासला आलो, डॅलसजवळ प्लेनोत राहतो. तो एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, मी एच-फोर या जोडीदाराच्या व्हिसावर. आल्यावर महिन्याभरात जुनी कॅमरी गाडी घेतली, सगळे पैसे एकदम देऊन. विम्याचे सहा महिन्यांचे १,१८० डॉलर झाले. ठीक, म्हटलं नवा देश आहे. आता नूतनीकरणाचं पत्र आलंय, १,४६२ डॉलर! मधल्या सहा महिन्यांत ना वाहतूक-दंडाचं तिकीट, ना ओरखडा. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एकाने दोन वर्षांत दोनदा पुढच्या गाडीला ठोकलंय, तो आमच्यापेक्षा कमी भरतो.

सोबत दोन पानांचं एक पत्र होतं. दर ठरवताना आमच्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट’मधली माहिती वापरली, असं त्यात लिहिलंय आणि खाली चार कारणं दिलीत: खाती नवीन आहेत, खाती फार थोडी आहेत, अलीकडे कर्जासाठी बरेच अर्ज केलेत, कार्डांवरची बाकी मर्यादेच्या मानाने जास्त आहे. वाचून कान तापले. सांगली-मिरज रोज गाडी चालवली मी, चौदा वर्षं. पावसाळ्यात आंबा घाटातून रत्नागिरीला गेलेय. गाडी विकली तेव्हा ५० टक्के नो क्लेम बोनस होता. आमच्या घरी मामंजींचा नियम, उधारी उंबऱ्याच्या आत आणायची नाही. कुणाचा रुपया बुडवला नाही. नवऱ्याने इथलं पहिलं कार्ड पूर्ण फेडून बंदसुद्धा करून टाकलं. आणि आम्हालाच जास्त दर?

इथल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी म्हणतं कॅलिफोर्नियातल्या नातेवाइकाचा पत्ता द्या, तिथे क्रेडिट, म्हणजे कर्ज-उधारीचा इतिहास, बघत नाहीत. कुणी म्हणतं जुन्या मित्राच्या नावावर गाडी करा. नवरा म्हणतो गप्प भर आणि विषय संपव. मी काय करू?

प्लेनोची एक सांगलीकर

* * *

ते दोन पानी पत्र टाकून दिलं नाहीस ना? दिलं असलंस तर आधी ऊठ, रद्दीतून काढ, मग पुढचं वाच. तुला त्यात अपमान दिसला. मला त्यात २८२ डॉलर दिसतात, म्हणजे ते सगळे नसले तरी त्यातले बरेचसे परत मिळवायची वाट दिसते.

ताई म्हणालीस म्हणून एकेरीत लिहिते. मी न्यू जर्सीत एका विमा एजन्सीत एकोणीस वर्षं टेबलाच्या त्या बाजूला बसले. तुझ्यासारखी पत्रं हातात धरून तणतणत येणारे आपले लोक ढीगभर बघितले. बहुतेकांचं पहिलं वाक्य तुझंच असायचं, ‘आम्ही कुणाचे पैसे बुडवलेले नाहीत.’ एक काका आठवतात. घर रोख, गाडी रोख, खिशात एकही कार्ड नाही, आणि याचा त्यांना रास्त अभिमान. त्यांचा क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुझ्या पत्रातला तो ‘कन्झ्युमर रिपोर्ट’, कर्ज आणि फेडीची नोंद, मागवला की पान कोरं यायचं. त्यांना मी जे समजावायचे तेच तुला सांगते: बुडवणाऱ्यांच्या यादीत तुमचं नाव नाही, हे खरं. पण फेडणाऱ्यांच्या यादीतही नाही. या देशातल्या वहीत तुमची पाटी कोरी आहे. सांगलीच्या पेठेत मामंजींना दुकानदार नावानं ओळखत असतील, त्यांच्या शब्दावर माल देत असतील. प्लेनोत ते दुकानही नाही आणि तो दुकानदारही. भारतातलं सिबिल समुद्र ओलांडून आपोआप इकडे येत नाही.

आता तुझा खरा प्रश्न. गाडी चालवण्याचा आणि कार्डाची बिलं भरण्याचा संबंध काय?

आधी एक गैरसमज काढून टाक. विमा कंपनी ‘हा माणूस हप्ता बुडवेल का’ हे बघत नाही. हप्ता तर ती आगाऊच घेते, नाही भरला तर पॉलिसी बंद, तिचं काय जातं? तिचा प्रश्न वेगळा आहे: हा माणूस क्लेम करेल का, आणि केला तर केवढ्याचा? त्यासाठी बँकेच्या क्रेडिट स्कोअरहून निराळा, विम्यासाठी बांधलेला एक स्कोअर असतो. क्रेडिट स्कोअर बनवणाऱ्या फिको कंपनीने १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तो बाजारात आणला, आणि आज इथल्या बहुतेक मोठ्या गाडी विमा कंपन्या, जिथे कायदा आड येत नाही तिथे, असा काही ना काही स्कोअर वापरतात. कच्चा माल मात्र तोच, तुमचा क्रेडिट रिपोर्ट. राज्यांच्या विमा आयुक्तांच्या राष्ट्रीय संघटनेने फिकोच्या विमा-स्कोअरचं ढोबळ गणित दिलेलं आहे: वेळेवर फेड ४० टक्के, उभी बाकी ३० टक्के, खात्यांचं वय १५ टक्के, नव्या कर्जासाठीची धावपळ १० टक्के, आणि खात्यांचे प्रकार ५ टक्के. पगार त्यात येत नाही. धर्म, वंश, लग्न झालंय की नाही, हेही नाही. तुझ्या नवऱ्याचा पगार दुप्पट झाला तरी हा स्कोअर जागचा हलणार नाही.

आणि हे गणित चालतं का? चालतं, असं आकडे म्हणतात. फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित बघणाऱ्या केंद्रीय संस्थेने २००७ साली अमेरिकी काँग्रेससमोर, म्हणजे इथल्या संसदेसमोर, अहवाल ठेवला. ज्यांचा स्कोअर कमी त्यांच्या गटाकडून सरासरीने जास्त क्लेम येतात, हे त्यात निघालं. तुझ्या टेक्सासच्या विमा विभागाने त्याआधी दोन-तीन वर्षं स्वतंत्र अभ्यास केला होता, त्याचाही सूर तोच. पण असं का होतं, याचं पक्कं उत्तर कुणी दिलेलं नाही. पैशाच्या बाबतीत काटेकोर माणूस स्टिअरिंगवरही काटेकोर असतो, असं एक म्हणणं. पैशाची चणचण असलेला माणूस छोट्या नुकसानीचाही क्लेम करतो, चांगल्या स्थितीतला खिशातून भरून टाकतो, हे दुसरं. मला विचारशील तर दुसऱ्यात तथ्य जास्त आहे. टेबलावर बसून मी तेच बघितलं. कुणी बंपरचे सातशे डॉलर हसत स्वतः भरायचे, कुणाला तेवढ्यासाठी क्लेम केल्याशिवाय गत्यंतर नसायचं. म्हणजे हा स्कोअर गाडी कशी चालवता ते मोजतो की खिशात किती आहे ते मोजतो? त्याच कमिशनच्या अहवालात कृष्णवर्णीय आणि लॅटिनो लोक कमी स्कोअरच्या गटांत त्यांच्या प्रमाणापेक्षा जास्त दिसतात, हेही छापलेलं आहे. सगळ्या राज्यांना हे पटलेलं नाही. कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्स आणि हवाई इथे गाडी विम्याच्या दरासाठी क्रेडिट वापरता येत नाही. कॅलिफोर्नियात तर १९८८ साली लोकांनी मतदान करून ठरवलं की आधी बघायचं ते तुमचं चालवण्याचं रेकॉर्ड, मग वर्षाला किती मैल, मग किती वर्षांचा अनुभव. मला ते शहाणपणाचं वाटतं. पण तू राहतेस टेक्सासमध्ये, तेव्हा तिथल्या नियमात काय काय बसतं ते बघू.

तुझ्या पत्रात एक गंमत आहे, ती तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. पहिल्या वेळी, येऊन महिना झाला होता तेव्हा, हप्ता कमी होता. सहा महिने नीट चालवल्यावर वाढला. उलटं कसं? पहिल्या वेळी तुमची फाइलच नव्हती. क्रेडिटची माहितीच नसलेल्या माणसाला टेक्सासमध्ये कंपनीने वाटेल तसं बदनाम करायचं नसतं. एक तर त्याला मधला, तटस्थ धरायचं, नाहीतर वेगळं वागवायचं असेल तर त्याचं आकडेशास्त्रीय कारण विमा विभागापुढे मांडायचं. सहा महिन्यांनी पुन्हा बघितलं तेव्हा फाइल उघडलेली होती. पोरसवदा, अर्धीमुर्धी, आणि दिसायला जरा जोखमीची. म्हणजे आधी तुम्ही अनोळखी होता, आता अर्धवट ओळख झाली, आणि पहिलं मत काही बरं झालं नाही. (सगळी वाढ त्यामुळेच झाली असेल असं नाही. कधी कधी कंपनी अख्ख्या राज्याचे दरही वाढवते. एजंटला सरळ विचार, यातली क्रेडिटमुळे किती आणि सरसकट दरवाढ किती? कुरकुरेल, पण ढोबळ सांगू शकतो.)

ती चार कारणं कंपनीने मेहेरबानी म्हणून लिहिलेली नाहीत. क्रेडिटच्या माहितीमुळे तुम्हाला चांगला दर मिळाला नाही, तर तसं कळवणं, रिपोर्ट कुठून घेतला त्या संस्थेचं नाव देणं, हे १९७०च्या फेअर क्रेडिट रिपोर्टिंग ॲक्टखाली बंधनकारक आहे. मुख्य कारणं, जास्तीत जास्त चार, सांगणं हे राज्यांच्या कायद्यांतून आलं. आता ती कारणं तुमच्या घरात बसवून बघ.

‘कार्डांवरची बाकी मर्यादेच्या मानाने जास्त.’ तू म्हणशील, आम्ही तर दर महिन्याला पूर्ण भरतो! भरत असाल. पण क्रेडिट ब्युरोकडे, म्हणजे हे रिपोर्ट ठेवणाऱ्या संस्थेकडे, जातो तो सहसा स्टेटमेंट निघतं त्या दिवशीचा आकडा. नव्या माणसाला कार्ड मिळतं ते पाचशे-आठशे डॉलर मर्यादेचं. समजा मर्यादा आठशे, आणि किराणा, पेट्रोल, पटेल ब्रदर्स या आपल्या भारतीय दुकानाची एक चक्कर मिळून स्टेटमेंटच्या दिवशी सहाशे झाले. वहीत लागलं, या माणसाने मर्यादेच्या ७५ टक्के वापरलेत. पंधरा-वीस दिवसांनी तुम्ही सगळे भरले, पण फोटो निघून गेलेला होता. उपाय अगदी साधा: स्टेटमेंट निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी बरेचसे पैसे भरून टाकायचे आणि थोडी बाकी राहू द्यायची. तीस टक्क्यांच्या आत ठेवा म्हणतात, दहाच्या आत राहिली तर उत्तमच. हे एक-दोन महिन्यांत सुधारतं. चारही कारणांत सगळ्यात पटकन हाताला लागणारं हेच.

आणि इथेच तुझ्या नवऱ्याने पायावर धोंडा मारून घेतला. पहिलं कार्ड बंद केलं! मी समजू शकते, आपल्याकडे कर्ज फिटलं की बोजा उतरवून सातबारा कोरा करून घ्यायची घाई असते. पण कार्ड बंद केलं की त्याची मर्यादा एकूण बेरजेतून जाते, आणि तीच बाकी टक्क्यांत आणखी मोठी दिसायला लागते. फी नसलेलं जुनं कार्ड मरू द्यायचं नसतं. त्यावर फोनचं बिल लावून द्यायचं आणि ऑटो-पे करून विसरून जायचं. बंद केलंय त्याला फार दिवस झाले नसतील तर बँकेला फोन करून बघा, काही बँका थोड्या दिवसांत पुन्हा उघडून देतात.

‘अलीकडे बरेच अर्ज.’ हे कुठून आलं ते मी न बघता सांगते. कपड्यांच्या दुकानात काउंटरवरची मुलगी म्हणाली असेल, आमचं कार्ड घ्या, आजच्या बिलावर सूट. फर्निचरच्या दुकानात म्हणाले असतील, बारा महिने बिनव्याजी. असा प्रत्येक होकार म्हणजे रिपोर्टवर एक नोंद, आणि ती दोन वर्षं तिथे दिसते. मीही १९९०च्या दशकात एका दुकानाचं असं कार्ड घेतलं होतं, एका कोटावरच्या वीस टक्के सवलतीसाठी. मग घर बदललं, ३८ डॉलरचं बिल जुन्या पत्त्यावर गेलं, आणि महिनाभराच्या उशिराचा डाग सात वर्षं रिपोर्टवर मिरवत राहिला. कोट कधीच फाटला, डाग त्याच्या कितीतरी नंतर गेला. तेव्हा वर्षभर काउंटरवर मान हलवायची ती आडवी. मात्र एक भीती मनातून काढ. विम्याचे दर विचारले म्हणून स्कोअर पडत नाही. ती चौकशी वेगळ्या जातीची, तिची नोंद तुम्हाला दिसते, पण स्कोअरमध्ये मोजली जात नाही. दहा ठिकाणी विचारा.

‘खाती नवीन’ आणि ‘खाती थोडी’, यांवर औषध काळाचं. घाई करून चार कार्डं काढायला गेलात तर वरचं तिसरं कारण बळावतं.

पण या सगळ्याच्या आधी रिपोर्ट स्वतः वाचा. असं पत्र आल्यापासून ६० दिवसांत, त्यात नाव दिलेल्या संस्थेकडून तो फुकट मिळतो. शिवाय तिन्ही मोठ्या ब्युरोंचे, म्हणजे इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन, रिपोर्ट त्यांच्या ॲन्युअल क्रेडिट रिपोर्ट या अधिकृत संकेतस्थळावर हल्ली दर आठवड्याला फुकट बघता येतात. वाचताना आकड्यांच्या आधी नावं बघ. आपलं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव, या तीन डब्यांच्या गाडीने इथल्या संगणकांना फार छळलंय. एका बँकेने मधलं नाव पूर्ण लिहिलेलं असतं, दुसरीने नुसतं अक्षर, तिसरीने ते पहिल्या नावाला चिकटवून टाकलेलं असतं. मग एकाच माणसाच्या दोन अर्धवट फाइली होतात, किंवा तेच नाव आणि आडनाव असलेल्या भलत्याच माणसाचं खातं येऊन बसतं. कुलकर्णी, पाटील, जोशी मंडळींना हे नवीन नाही. चूक दिसली तर ब्युरोकडे लेखी हरकत घ्यायची, सहसा ३० दिवसांत त्यांना तपास पुरा करावा लागतो. दुरुस्ती झाली की तो कागद विमा कंपनीला द्यायचा आणि दर नव्याने लावायला सांगायचं. चुकीच्या माहितीमुळे जास्त घेतलेले पैसे, मागच्या बारा महिन्यांपर्यंतचे किंवा पॉलिसी जितकी जुनी तितके, त्यांना परत करावे लागतात. चूक नसेल तरीही हे लक्षात ठेव: पुढच्या नूतनीकरणाआधी एजंटला सांगून स्कोअर नव्याने काढायला लाव. न मागता कंपनी दरवेळी काढेलच असं नाही, आणि सुधारलेला स्कोअर फाइलबाहेर पडून राहतो.

तुला लागू नाही, पण तुझ्याच ग्रुपवर कुणाला तरी लागेल म्हणून एक सांगते. टेक्सासच्या २००३च्या कायद्यात अपवादाची सोय आहे. गंभीर आजार किंवा दुखापत, नवरा-बायको, मूल किंवा आई-वडील यांचा मृत्यू, घटस्फोट, नोकरी तात्पुरती जाणं, ओळखीची चोरी, यांमुळे क्रेडिट घसरलं असेल तर कंपनीला लेखी विनंती करता येते, आणि कंपनीने रास्त सवलत द्यायची असते. नोकऱ्या जाण्याच्या दिवसांत आपल्या कितीतरी घरांना हे उपयोगी पडलं असतं. मागतच नाही कुणी. लाज वाटते.

आता ग्रुपवरचे वैद्य. कॅलिफोर्नियाचा पत्ता: करू नकोस. गाडी रात्री उभी असते तो पत्ता द्यायचा असतो. प्लेनोत ठोकर झाली, टेक्सासची नंबरप्लेट, आणि कागदावर कॅलिफोर्नियातलं फ्रेमाँट. क्लेम बघणारा माणूस पहिल्या फोनमध्येच ओळखतो. मग पैसे तर जातातच, वर खोटी माहिती दिल्याची नोंद होते आणि पुढे दुसरी कंपनीही दारात उभी करत नाही. मित्राच्या नावावर गाडी हा सल्ला दिसायला सौम्य, पण मला तो जास्त घातक वाटतो. एक तर रोज चालवणारी तू आणि पॉलिसीवर तू नाहीस, ही लपवाछपवी झाली. दुसरं म्हणजे दोन वर्षांनी मित्र गाव सोडून जातो, आणि तुमच्याकडे दोन वर्षांचा विम्याचा इतिहास म्हणून दाखवायला काहीच नसतं. सलग विमा असणं हेही दरात मोजतात. पाटी पुन्हा कोरी.

आणि ‘गप्प भर’ म्हणणारा नवरा. त्याला सांग, भर, पण गप्प नको. मुदत संपायच्या आत भरलंच पाहिजे. रागाने चार दिवस जरी विमा तुटला, तरी तो खंड क्रेडिटपेक्षा महाग पडू शकतो. पण त्याआधी मिळतील तेवढ्या दिवसांत इतर दर काढा. प्रत्येक कंपनी क्रेडिटला सारखं वजन देत नाही, म्हणूनच तोच माणूस, तीच गाडी, आणि दरात जमीन-अस्मानाचा फरक. टेक्सासचा विमा विभाग आणि तिथलं सार्वजनिक विमा वकिलांचं कार्यालय मिळून हेल्पइन्शुअर नावाचं संकेतस्थळ चालवतात, त्यावर नमुना दर तुलना करून बघता येतात. एकाच कंपनीच्या एजंटकडे जाऊ नका. अनेक कंपन्यांचं काम करणारा स्वतंत्र एजंट गाठा, आणि त्याला पहिलाच प्रश्न विचारा, परदेशातला चालवण्याचा अनुभव कोण धरतं? काही कंपन्या भारतातलं लायसन्स किती जुनं आहे ते बघून थोडं झुकतं माप देतात, बऱ्याचशा टेक्सासच्या लायसन्सच्या तारखेपासूनच तुला शिकाऊ समजतात. आंबा घाट त्यांनी बघितलेला नाही, त्याला इलाज नाही.

त्या ऑफिसातल्या ठोकऱ्याचा फार विचार करू नकोस. त्याच्या अपघातांचं त्याला भरावं लागतच असेल. पण वीस वर्षांचा जुना रिपोर्ट, सलग विमा, कदाचित घराचा आणि गाडीचा विमा एकाच ठिकाणी, कदाचित वेगळा झिपकोड, वेगळं वय. बेरजेत तो तुमच्या खाली येतो. हे न्याय्य आहे का? माझ्या मते नाही. ज्याने दोन गाड्या चेपल्या त्याने न चेपणाऱ्यापेक्षा कमी द्यावे, हे कुठल्याही सांगलीकराला पटवून दाखवा.

हप्ता कमी करायला लोक सगळ्यात आधी भलत्याच ठिकाणी कात्री लावतात, ते तू करू नकोस. टेक्सासमध्ये कायद्याने किमान लागतो तो ३०/६०/२५, म्हणजे समोरच्या एका माणसाच्या इजेला ३०,००० डॉलर, एका अपघातातल्या सगळ्यांच्या मिळून ६०,०००, आणि मालमत्तेला २५,०००. आज रस्त्यावरच्या बऱ्याचशा नव्या गाड्या २५,००० ला येत नाहीत, आणि इथला दवाखाना तीस हजार किती वेळात संपवतो ते विचारूच नकोस. उरलेलं तुमच्या खिशातून. तिथे १००/३००/१०० ठेवा. वाचवायचंच असेल तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीत आधी आपण सोसायची रक्कम, डिडक्टिबल, पाचशेची हजार करा, आणि तो एक हजार बँकेत बाजूला ठेवा. सहा महिन्यांचे एकदम भरले तर बहुतेक ठिकाणी सूट मिळते. फोनमधलं ॲप लावून चालवणं मोजू दिलं तर दर उतरू शकतो. तू चांगली चालवतेस, तेव्हा मोह होईल. पण काही कंपन्या त्यावरून दर वाढवतातही, आणि ती माहिती पुढे कुठे जाते हा प्रश्न उरतोच. २०२४च्या ऑगस्टमध्ये टेक्सासच्याच ॲटर्नी जनरलने, चालकांची माहिती त्यांना नीट न सांगता विकल्याच्या आरोपावरून जनरल मोटर्सवर दावा लावला. अटी वाचून ठरव.

राहिला तुझा स्वतःचा प्रश्न, जो तू विचारलाच नाहीस. एच-फोरवर कामाचा परवाना नसेल तर तुझ्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, नसणार, आणि इथल्या वहीत तुझं पानही नसणार. स्कोअर सहसा पॉलिसीवर पहिलं नाव असलेल्याचा बघतात, म्हणून आज बिघडत नाही. पण उद्या तुझ्या नावावर गाडी, घर, काहीही घ्यायचं झालं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नवऱ्याच्या कार्डावर अधिकृत वापरकर्ती म्हणून तुझं नाव आजच घालून घे. काही बँका सोशलशिवायही घालतात, पण ब्युरोला तुझ्या नावाने नोंद जाते का ते विचारून घे. चौदा वर्षं स्टिअरिंग हातात असलेल्या बाईचं नाव नुसतं ‘इतर चालक’ या रकान्यात असावं, हे मला तुझ्या २८२ डॉलरपेक्षा जास्त खटकलं.

आणि हो, सांगलीची गाडी विकलीत तेव्हा विमा कंपनीकडून त्या ५० टक्के नो क्लेम बोनसचं पत्र घेतलं होतं का? तो बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. विक्रीनंतर मागून घेतलं तर ते पत्र तीन वर्षं चालतं. परत गेलात आणि त्या मुदतीत नवी गाडी घेतलीत तर स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात निम्मी सूट. इथल्या एजंटलाही दाखवायला तोच एक छापील पुरावा तुझ्याकडे आहे. घरी कुणाकडे कागद असतील त्यांना आजच फोन कर. तुझ्याकडे दुपारचे बारा वाजण्याच्या आत कर, नाहीतर तिकडे झोपलेले असतील.